‘मग, तिकडे काय केलंस?’ : परत येणाऱ्या मुलांच्या गोष्टी

दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या सोसायटीच्या गेटवर एक पांढरी गाडी थांबते. मागच्या दारातून सात वर्षांची एक मुलगी उतरते. पाठीवर सॅक, एका हातात पाण्याची बाटली. गाडीतल्या माणसाला ती हात करते, वळते आणि माझ्याकडे चालत येते. गाडीत तिचे बाबा असतात. मी तिचा काका. म्हणजे तिच्या आईचा नवरा. तिला घरी चिऊ म्हणतात, इथेही तेच म्हणतो.

गेटपासून लिफ्टपर्यंत साधारण ८० पावलं आहेत. सुरुवातीचे काही महिने ती ८० पावलं मी प्रश्नांनी भरून टाकायचो.

“मग, तिकडे काय केलंस?”

“काही नाही.”

“काय जेवलीस?”

“आठवत नाही.”

आयटीत असणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. रोज सकाळी आमचा स्टँडअप असतो. काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का? मी त्या मुलीचा दर रविवारी स्टँडअप घेत होतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मी फोनमध्ये नोंदीही ठेवायला लागलो. मूड, जेवण, किती वाजता झोपली, रडली का. अकरा रविवारांच्या नोंदी. मला वाटत होतं, पॅटर्न सापडला की प्रॉब्लेम सापडेल.

एक दिवस बायकोनं ते वाचलं. ती चिडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, “अरे, हे तिच्यासाठी आहे की तुझा स्कोअर बघायला?”

मी नोट डिलीट केली. पण प्रश्न डिलीट होईना. पालकत्वाच्या सल्ल्यांमध्ये उत्तरं भरपूर होती: आल्याआल्या प्रश्न विचारू नका, मुलाला वेळ द्या, दुसऱ्या पालकाबद्दल वाईट बोलू नका. पटतंही. पण मला ते गेट तिच्या बाजूनं बघायचं होतं, म्हणून मी गोष्टींकडे गेलो. गेल्या वर्षभरात या विषयाच्या जवळपास जाणारं जे हाती लागलं ते वाचलं, पाहिलं. त्यातल्या काही कलाकृतींबद्दल इथे लिहितोय. शेवट सांगावे लागणार आहेत, तेव्हा स्पॉयलर नको असणाऱ्यांनी आधी बघून या.

सहा वाजून सात मिनिटं

पहिली गोष्ट जाणवली ती ही: ताब्याच्या बहुतेक गोष्टींमध्ये भांडण मूल ‘कोणाला मिळणार’ याचं असतं. ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ (१९७९) हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. कोर्ट, साक्षी, वकील, निकाल. अशा गोष्टीत मूल म्हणजे शेवटी हातात येणारा निकालाचा कागद.

कायद्याचंही तसंच. आपल्याकडे अजूनही १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आणि हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा वापरला जातो. विधी आयोगानं २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात दोन्ही पालकांकडे मिळून ताबा देण्याचा विचार मांडला. हे सगळं गरजेचं आहे, पण कोर्टाच्या आदेशात असते ती वेळ. मूल किती वाजता न्यायचं, किती वाजता आणून सोडायचं. सहा वाजून सात मिनिटांनी, लिफ्टमध्ये, काय करायचं हे कुठल्याच आदेशात नसतं. ते गोष्टींनी सांगायला हवं. आणि फार थोड्या गोष्टी ते सांगतात.

निरोप्या मुलगी

सगळ्यात नेमकं सांगणारी गोष्ट सापडली ती सव्वाशे वर्षांहून जुनी. हेन्री जेम्सची ‘व्हॉट मेझी न्यू’ ही कादंबरी १८९७ ची आहे. लंडनमधलं एक श्रीमंत, भांडखोर जोडपं घटस्फोट घेतं. वडिलांना बायकोचे २६०० पौंड परत करायचे असतात, ते जमत नाही, म्हणून तडजोड होते: मेझी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. मेझी तेव्हा सहा वर्षांची आहे.

पहिल्याच परतीचा प्रसंग भयंकर आहे. वडिलांकडची पाळी संपवून मेझी आईकडे येते. आई विचारते, तुझ्या वडिलांनी माझ्यासाठी काही निरोप दिलाय का? निरोप दिलेला असतो. वडिलांनी आईला दिलेली शिवी. आणि मेझी ती शिवी शब्दही न बदलता, प्रामाणिकपणे पोचवते. ती चांगली मुलगी आहे. मोठ्यांनी सांगितलेलं काम ती नीट करते.

काही दिवसांनी तिच्या लक्षात येतं की आपल्याला कशासाठी वापरतात. मग ती जे ठरवते ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. ती विसरायचं ठरवते. कोणी काही विचारलं की तिला काहीच आठवत नाही, काहीच कळत नाही. आईवडील वैतागतात. पोर मठ्ठ आहे असं त्यांना वाटायला लागतं. मेझीला ते चालतं. मठ्ठ दिसणं ही तिची पहिली स्वतःची जागा असते.

“आठवत नाही.”

अकरा रविवार मी हे उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं वाचत होतो. जेम्स सांगतो की हे उत्तर म्हणजे केलेलं काम आहे. त्या दोन शब्दांसाठी एका मुलानं आधी सगळं लक्षात ठेवलेलं असतं, त्यातलं काय बोललं तर कोणाचा चेहरा पडेल याचा हिशेब केलेला असतो, आणि मग तोंड मिटलेलं असतं.

मेझीची एक बाहुली आहे, लिझेट. मेझी बाहेरून परत आली की लिझेट तिला प्रश्न विचारते, म्हणजे मेझीच तिच्या वतीनं विचारते. आणि मेझी तिला उडवून लावते, अगदी जशी तिची आई तिला उडवून लावते तशी. मोठ्या माणसाचं गुपित असणं म्हणजे काय, याचा ती सराव करतेय. जेम्सची वाक्यं लांबलचक आहेत, मला काही पानं तीनतीनदा वाचावी लागली. पण ती लांबी उगाच नाही. मेझीला कळतं खूप आणि सांगता येतं थोडं, या दोन्हींमधलं अंतर तो त्या वाक्यांनी भरतो.

ही मुलगी आपण ओळखतो

मेझी वाचताना मला सारखं वाटत होतं की हिला मी आधी भेटलोय. एका रविवारी सासूबाई आलेल्या होत्या. चिऊ आत येऊन बूट काढत होती, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “काय गं, तिकडची आजी काय म्हणाली?” चिऊ म्हणाली, “काही नाही.” आणि मला एकदम कळलं. ही माहेरवाशीण आहे.

दोन घरांत राहणाऱ्या माणसाचं साहित्य मराठीत कमी नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. त्यांतला मोठा भाग अशाच बाईचा आहे, जिचं एक घर इकडे आणि एक तिकडे. माहेरी गेली की सासरचा त्रास गिळायचा, कारण आईला घोर लागेल. सासरी परत आली की माहेरची गरिबी झाकायची, कारण तोंडावर बोलतील. परत आल्यावर चौकशी ठरलेली: काय दिलं, काय केलं, कोण काय म्हणालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ झाकून ठेवायचं काम तिचं.

आपण या बाईच्या गप्प राहण्याला कधी मठ्ठपणा म्हटलं नाही. त्याला सोसणं म्हटलं, शहाणपण म्हटलं, त्यावर पिढ्यान् पिढ्या गाणी रचली. मग तेच काम सात वर्षांची मुलगी करते तेव्हा आपण तिला ‘गप्प गप्प असते हल्ली’ म्हणून काउन्सेलरचा नंबर का शोधतो? एक फरक आहे आणि तो मोठा आहे. त्या बाईला जातं होतं, पहाट होती, शेजारी दळायला बसलेली दुसरी बाई होती. मेझीला फक्त लिझेट आहे.

गाडीतले प्रश्न, खिडकीतले प्रेक्षक

रिचर्ड लिंकलेटरचा ‘बॉयहूड’ (२०१४) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. बारा वर्षं तेच नट घेऊन केलेलं शूटिंग, मुलगा पडद्यावर खरोखर मोठा होतो वगैरे. त्याच्या तंत्राचं इतकं कौतुक झालं की त्यातली दोन साधी दृश्यं दुर्लक्षित राहिली.

पहिलं गाडीतलं. आठवड्याअखेर मुलांना न्यायला आलेला बाप विचारतो, कसा गेला आठवडा? मुलं म्हणतात, ठीक. बाप गाडी थांबवतो. आपण असं बोलायचं नाही, मला नीट सांगा, असं म्हणतो. मुलं शांतपणे त्याला सांगतात की असल्या प्रश्नांची उत्तरं देणं अवघड असतं. आणि तू तरी कुठे तुझं सांगतोस? बाप एक क्षण गप्प होतो, मग मान्य करतो. बोलणं आपोआप येऊ द्यायला हवं. तीन मिनिटांचाही प्रसंग नसेल, पण माझ्या ८० पावलांवरची ही सगळ्यात चांगली टीका आहे. मी चिऊला विचारत होतो आणि माझ्या शनिवार-रविवारबद्दल तिला एक शब्द सांगत नव्हतो. चौकशी आणि गप्पा यांत फरक हाच: गप्पांमध्ये दोघांना द्यावं लागतं.

दुसरं दृश्य परतीचं. बाप मुलांना घरी सोडतो. आई येते आणि दोघांची बाहेर वादावादी होते. मुलं वरच्या खिडकीतून बघत असतात. त्यांना शब्द कळोत न कळोत, हातवारे कळतात. गेटवर आम्ही मोठी माणसं एकमेकांना ‘नमस्कार’ कसा म्हणतो, नजर कुठे ठेवतो, सॅक हातात घेताना ती हिसकावल्यासारखी घेतो का, हे कोणीतरी बघत असतं. चिऊचे बाबा आणि मी आता पावसाबद्दल, ट्रॅफिकबद्दल दोन वाक्यं बोलतो. त्यात प्रेम नाही. पण ती दोन वाक्यं चालू असताना तिची पाण्याची बाटली हातात सैल लटकत असते, हे मी पाहिलंय.

गप्प राहण्याचं दुसरं कारण

इथपर्यंत सगळं गोड जमलं असतं: विचारू नका, गप्प राहण्याचा मान ठेवा, संपलं. झावियेर लग्रां या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘कस्टडी’ (२०१७) हा सिनेमा ते जमू देत नाही.

सुरुवात न्यायाधीशांच्या खोलीत होते. मुलगा जुलियाँचं पत्र वाचलं जातं: मला वडिलांकडे जायचं नाही. वडील तिथे साधे, दुखावलेले दिसतात. आईनंच मुलाला पढवलं असेल का, असं आपल्यालाही क्षणभर वाटतं. आठवड्याआड भेटी मंजूर होतात. पुढे गाडीत बाप मुलाकडून आईचा फोन नंबर, नवा पत्ता काढायला बघतो आणि मुलगा आईला वाचवण्यासाठी खोटं बोलत राहतो. मग सिनेमा जिथे जातो ते सांगत नाही, रात्री एकट्यानं बघू नका एवढंच.

जुलियाँचं गप्प राहणं आणि मेझीचं गप्प राहणं बाहेरून सारखंच दिसतं. एक घाबरलेलं आहे, एक दमलेलं. मग विचारायचं नाही तर कळणार कसं? माझ्याकडे सूत्र नाही. पण लग्रांचा कॅमेरा जे करतो ते आपल्याला करता येतं. तो त्या पोराच्या चेहऱ्यावरून हलत नाही. बघणं आणि विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी नोंदी ठेवत होतो तेव्हा बघतही नव्हतो खरं तर, रकाने भरत होतो. आणि रकान्यांमध्ये मला एकच गोष्ट शोधायची होती: ती इकडे जास्त खूश आहे ना?

परत यायला जागा लागते

मन्नू भंडारींची ‘आपका बंटी’ ही हिंदी कादंबरी १९७१ ची. ताबा आणि दुसरं लग्न या विषयावर भारतीय भाषांत याहून चांगलं काही असेल तर मला हवंय. बंटी आईजवळ राहतो. आई शकुन कॉलेजची प्रिन्सिपल. वडील अजय कलकत्त्याला. ते गावात आले की सर्किट हाउसवर उतरतात आणि बंटी त्यांना भेटायला जातो. मधल्या काळात वकील चाचा ये-जा करतात, खेळणी येतात. मग शकुन डॉक्टर जोशींशी लग्न करते. डॉक्टरांना आधीची दोन मुलं आहेत, जोत आणि अमि. बंटी त्यांच्या बंगल्यात राहायला जातो. घरातली फूफी, जिच्या गोष्टी ऐकत तो वाढला, ती हरिद्वारला निघून जाते.

या कादंबरीत खलनायक नाही. डॉक्टर चांगला माणूस आहे. शकुनला सुख मिळवायचा हक्क आहे आणि लेखिका तो तिला नाकारत नाही. आमच्यासारख्या घरांना ‘बघा, पोराचे कसे हाल झाले’ म्हणून ही कादंबरी दाखवणारे लोक ती अर्धीच वाचतात.

मग बिनसतं कुठे? मला वाटतं, जागेत. जुन्या घरी बंटीची बाग होती, त्याची झाडं होती. नव्या घरात सगळं जोत आणि अमिचं आहे, तो त्यात ठेवला जातो. पुढे तो वडिलांकडे कलकत्त्याला जातो, तिथे मीरा आणि लहान बाळ आहे, तिथेही तो ठेवलाच जातो. शेवटी हॉस्टेलच्या वाटेवर रेल्वेत. बंटी प्रत्येक वेळी पुढे पुढे जातो, परत कुठेच येत नाही. ‘परत’ या शब्दाला एक घर लागतं, जिथे आपली वस्तू आपण ठेवली होती तिथेच सापडते.

हे वाचल्यापासून आम्ही एक करतो. हॉलच्या कोपऱ्यात चिऊचं अर्धवट जुळवलेलं ३०० तुकड्यांचं पझल असतं. ती शुक्रवारी गेली की ते आवरायचं नाही. पाहुणे आले तरी नाही. सासूबाई म्हणतात, “अरे, किती पसारा!” रविवारी ती आली की आधी तिथे जाते, उभ्या उभ्या एक तुकडा लावते, मग बूट काढते.

वाट बघणाऱ्याचं काय?

आता माझ्यासारख्यांबद्दल. ‘व्हॉट मेझी न्यू’वर २०१२ मध्ये स्कॉट मॅकगी आणि डेव्हिड सीगल यांनी सिनेमा केला, आजच्या न्यूयॉर्कमध्ये आणून. आई रॉक गायिका झाली आहे. कॅमेरा मेझीच्या उंचीवर राहतो आणि ओनाटा एप्रिल ही छोटी नटी जवळजवळ काहीच ‘करत’ नाही, फक्त बघते. सुंदर सिनेमा आहे. आईचा नवा नवरा लिंकन म्हणजे अलेक्झांडर स्कार्सगार्ड. उंच, लाजरा, प्रेमळ. शेवटी तो, वडिलांची नवी बायको मार्गो आणि मेझी समुद्रकिनारी एका घरात. ऊन, लाटा, बोट.

मला हा शेवट फार आवडला. म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही. तो सिनेमा माझी खुशामत करतो. खरे आईबाप वाईट, नवा माणूस चांगला, तेव्हा मूल त्याचं. जेम्सनं हे नाकारलं होतं. कादंबरीत सर क्लॉड हा सावत्र बाप गोड आहे, मेझीवर जीव लावणारा आहे, पण दुबळा आहे. शेवटी तो मेझीला मिसेस विक्स या तिच्या शिक्षिकेला सोडायला सांगतो. मेझी उलट अट घालते: तू मिसेस बीलला, म्हणजे माझ्या सावत्र आईला, सोड. त्याला ते जमत नाही. मेझी मिसेस विक्सबरोबर फ्रान्सहून बोटीनं इंग्लंडला परत निघते. दोन्ही शेवटांना समुद्र आहे. सिनेमातला समुद्र सुट्टीचा आहे, कादंबरीतला ओलांडून जायचा.

खुशामतीवर उतारा म्हणून रेबेका झ्लोतोव्स्कीचा ‘अदर पीपल्स चिल्ड्रन’ (२०२२) बघा. व्हिर्जिनी एफिरानं साकारलेली रेचल ही शिक्षिका अलीच्या प्रेमात पडते, आणि मग त्याच्या छोट्या लैलाच्याही. तिला शाळेतून आणते, तिचं सगळं करते. एकदा लैला रडत आईसाठी हट्ट धरते आणि विचारते, ही नेहमी इथे का असते? रेचल ते ऐकते. आणि नातं संपतं तेव्हा अलीबरोबर लैलाही जाते. रेचलच्या भेटीच्या वेळा कुठल्याही कोर्टात ठरत नाहीत. झ्लोतोव्स्की त्याचा तमाशा करत नाही. रेचल रडते, नोकरीवर जाते, जगते.

हे बघून मला भीती वाटायला हवी होती. उलट हलकं वाटलं. मी वाट बघतो त्याच्या बदल्यात मला काही देणं चिऊवर नाही. माझा रविवार यशस्वी करणं हे तिचं काम नाही.

तर या सगळ्या वाचण्या-बघण्यातून मला कळलं ते एवढंच: परत येणाऱ्या मुलाला रिकाम्या हातानं येता आलं पाहिजे. निरोप न आणता, बातमी न आणता, कुठलं घर जास्त चांगलं याचा निकाल न आणता. चांगल्या गोष्टी त्या रिकाम्या हातांकडे बघतात.

आता ८० पावलं मी माझंच काहीतरी सांगतो. शनिवारी कुकरची शिट्टी कशी अडकली, वॉचमनकाकांची मांजर कुठे व्यायली. घरी मुगाची खिचडी असते. गेल्या महिन्यात जेवता जेवता ती स्वतःहून म्हणाली, “बाबांकडच्या खिचडीत शेंगदाणे असतात.”

मी शेंगदाण्याचा डबा काढायला अर्धा उठलो होतो. मग बसलो. तिनं शेंगदाणे मागितले नव्हते. तिनं फक्त तिकडचं एक वाक्य इकडच्या ताटाशेजारी ठेवलं होतं, आणि ते तिथे राहतंय का ते बघत होती.

“हो?” बायको म्हणाली. “छान लागत असेल.”

चिऊनं मान हलवली आणि पापड मोडला.

मराठीत निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. शुक्रवारी गाडीत बसताना ती मला म्हणते, “काका, येते.” मला खात्री आहे, रविवारी तिकडच्या दारातही ती हेच म्हणत असणार.